मोबाईलमधल्या वर्गाची घंटा

दिवाळी अंकवाले घरी आले आणि म्हणाले, "मामा, तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो." मी म्हटलं, बोलायचं मी आणि लिहायचं तुम्ही, मग खाली नाव कोणाचं? मी चौथी शिकलोय. सावकाश लिहितो, पण लिहितो. अक्षर लागलं नाही तर विचारायला या, चहा मिळेल.

शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका हायस्कूलमध्ये मी शिपाई होतो. सगळी शाळा मला मामा म्हणायची, सर लोकसुद्धा. शिपायाचं काम म्हणजे खोल्या उघडा, झाडा, पिंप भरा, सूचनेची वही वर्गावर्गात फिरवा, गैरहजर पोरांच्या घरी जाऊन बोलावून आणा. पण हे सगळं कोणीही करील. माझं खरं काम घंटा.

आमची घंटा पितळेची नव्हती. रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, जांभळीच्या फांदीला तारेनं टांगलेला. माझ्याआधीच्या शिपायानं तो कुठून आणला ते त्याला नि देवाला माहीत. त्याच्यावर लोखंडी हातोडी हाणली की आवाज पार ओढ्यापलीकडे जायचा. शाळा भरताना जोडीजोडीनं टोले, तासाला मोजके, आणि सुटताना सलग, हात दुखेपर्यंत. आंधळ्या माणसालाही कळावं, भरली की सुटली.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट लक्षात ठेवा. सकाळची घंटा मी कधीच घड्याळावर दिली नाही. आमची निम्मी पोरं मुरबाडकडून येणाऱ्या एसटीनं यायची. ती एसटी कधी वेळेवर, कधी नाही. मोरीजवळच्या वळणावर ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, तो ऐकला की मी हातोडी उचलायचो. पोरं उतरून फाटकातून आत शिरली की मग टोला. आधी दिली असती तर उशिराचा शेरा, नि मग मैदानात उन्हात उभं राहणं. गाडी उशिरा आली त्यात पोरांचा काय गुन्हा?

मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, चिडायचे. "मामा, घड्याळ बघा जरा."

"घड्याळ बघितलं सर. रस्तापण बघितला."

किती मुख्याध्यापक आले नि गेले. सगळ्यांनी हे ऐकून घेतलं. मी काही बदललो नाही.

आता मुद्द्यावर येतो. करोनानंतर घराघरात मोबाईल शिरला होता. त्याच सुमारास आमच्याकडे पाटोळे सर आले. तरुण, घाटावरचे, नववीला नागरिकशास्त्र शिकवायचे. यांची खोड अशी, की धडा संपवायचे नाहीत, शेवटी एक प्रश्न टाकायचे आणि पोरांना भांडायला लावायचे. पोरं रंगात यायची, बाकावर चढायची, आणि नेमकी माझी घंटा व्हायची. एकदा सर दारातून ओरडले, "मामा, तुमची घंटा तापल्या तव्यावर पाणी ओतते!"

मला राग आला. मी म्हटलं, "सर, तवा लवकर तापवा."

त्यावर सरांनी काढला व्हॉट्सॲप ग्रुप. वर्गात अर्धा राहिलेला वाद संध्याकाळी घरून करायचा. लिहा, नाहीतर बोलून पाठवा. सरांचं म्हणणं, वर्गात चार पोरं बोलतात, बाकीची लाजतात. घरी बसून लाजरी पोरंपण बोलतील. हे खरं ठरलं. जे पोरगं वर्गात हजेरीला नीट 'उपस्थित' म्हणायचं नाही, ते मोबाईलवर वकिलासारखं बोलायला लागलं.

पण त्या वर्गाला घंटा नव्हती. पोरं जेवताना बोलत, अभ्यास सोडून बोलत, पहाटे उठून बोलत. शिवाय मोबाईल बापाचा, त्यामुळे बापही वर्गात घुसले. आमच्या गावात किराणा दुकानवाले शेठ आहेत, त्यांचा ओंकार नववीत. सरांनी विचारलं, ग्रामसभेला बायका का बोलत नाहीत? तर शेठनी स्वतःच्या आवाजात उत्तर पाठवलं, गिऱ्हाईकाला डाळ मोजता मोजता. मागून तराजूचा आवाज. सरांनी घाईत नंबर बघितला आणि लिहिलं, "शाब्बास ओंकार, विचार प्रौढ आहेत." दुसऱ्या दिवशी वर्ग नुसता हसून लोळत होता.

आणखी एक बाप रोज सकाळी फुलांची चित्रं टाकायचा, देवाची, सुप्रभातची. सरांनी सांगून पाहिलं. तो म्हणाला, "सर, माझं पोरगं बोलत नाय, म्हणून मी काहीतरी टाकतो."

शेवटी पालकांची सभा बसली. शेठच पुढे. "सर, शाळा घरात घुसली. पोरगं ताटावर बसलं तरी डोकं मोबाईलमधी. बंद करा हा ग्रुप." सगळ्यांनी माना हलवल्या. पाटोळे सरांचं तोंड एवढंसं झालं. मी चहाचे कप गोळा करत होतो. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी बोललो.

"शाळेला घंटा नसती तर तीपण तुमी बंदच केली असती. याला घंटा लावा."

लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी मोबाईल काढून मला एक बटण दाखवलं. ते दाबलं की फक्त ॲडमिन बोलू शकतो, बाकी सगळ्यांची तोंडं बंद. परत दाबलं की उघडली. मी म्हटलं, ही तर घंटाच झाली. सर म्हणाले, "मग वाजवणार कोण?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

असा मी ॲडमिन झालो. चौथी पास ॲडमिन. सरांच्या मोबाईलमध्येही ते बटण होतं, पण त्यांनी शब्द दिला की हात लावणार नाही. सात वाजता उघडायचं, आठला बंद. नुसतं बटण मला पटेना. मी जांभळीखाली उभा राहून रुळाचे टोले मोबाईलमध्ये भरून घेतले, भरल्याचे वेगळे, सुटल्याचे वेगळे. उघडताना भरल्याची घंटा ग्रुपवर टाकायची, बंद करताना सुटल्याची. पहिल्या दिवशी सुटल्याची घंटा ऐकून एका पोरानं घरातच दप्तर पाठीला लावलं म्हणे. खाली गावातल्या बायका सांगायच्या, मामांची भरल्याची घंटा झाली की आमी चुलीवर भात ठेवतो. पालकांना मी पहिल्याच दिवशी बजावलं, वर्गात बापांनी बसायचं नाय. शेठ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. साखर मी दुसऱ्या दुकानातून आणली.

ग्रुप छान चालला. इतका, की पाटोळे सर दुसऱ्या दिवशीचा तास ग्रुप जिथं थांबला तिथूनच सुरू करायला लागले. काल अमुक असं म्हणाला, तमुकनं त्याला असं उत्तर दिलं, आता पुढे बोला. माझी छाती फुगायची. दोन शाळा, दोन घंटा, वाजवणारा एक.

शिमगा झाला होता. वरच्या पाड्यांना पाण्याची ओढ सुरू झाली होती. धरणं आमच्या तालुक्यात, पाणी जातं शहराकडे, आणि पाड्यांना टँकर. सरांनी प्रश्न टाकला, याचं काय करायचं? संध्याकाळी ग्रुपवर मोठं रण झालं. ओंकारनं बोलून टाकलं, वरच्या पाड्यांवर पाणी चढवायला खर्च किती, त्यापेक्षा पाडेच खाली आणा, गावाजवळ घरं द्या, नळ मिळेल. बाकीच्यांना पटलं. अंगठ्यांची रांग लागली. आठ वाजले, मी सुटल्याची घंटा टाकली.

दुसऱ्या दिवशी सूचनेची वही घेऊन मी नववीच्या दारात उभा होतो. सर फळ्यावर लिहीत होते, 'पाडे खाली आणावेत.' मागच्या बाकावरून मनीषा उठली. मनीषा वरच्या पाड्यातली, मुरबाडकडच्या एसटीनं येणारी. वर्गात कधी फार न बोलणारी.

"हे कोणी ठरवलं सर?"

"ठरवलं नाही, बहुतेकांचं मत आहे. काल ग्रुपवर झालं."

"मी नव्हते."

"मग बोलायचं होतंस ना."

"मी बघितलं तवा बंद झालं होतं."

ओंकार मागे वळून म्हणाला, "घंटा झाली ना बाई! मामांना विचार."

वर्ग हसला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी वही सरांच्या हातात दिली. ती खाली बसली. दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग आठवडा गेला. नववीची परीक्षा तोंडावर आली होती. सर म्हणाले, "मामा, जरा बघून या. परीक्षा चुकली तर पोरगी परत शाळेत यायची नाही."

गैरहजर पोरं आणणं हे माझं जुनं काम. कोण तापानं पडलेलं, कोण आजोळी पळालेलं, कोण बापाबरोबर वीटभट्टीवर गेलेलं. मी कारण ऐकतो, पाणी पितो आणि पोराला घेऊनच येतो. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर मी पाड्यावर गेलो.

मनीषा अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. आईनं मला बसायला गोणपाट टाकलं.

"काय गो, पोरगी शाळंत का पाठवत नाय?" मी आईला विचारलं.

"मी कुठं नाय पाठवत? तीच बोलते, तिथं माझ्याबिगर चालतंय, मग हितं तरी कामाला येते."

मी मनीषाकडे वळलो. "ग्रुपवर का नाय येत तू?"

"फोन बाबांचा. बाबा आटगावला गोडाऊनवर जातात. घरी येईतो आठ वाजून जातात. मग मी फोन घेते, सगळं ऐकते. तुमची भरल्याची घंटा, मग सगळ्यांचं भांडण, मग सुटल्याची घंटा. सगळं एकदमच." ती फुलं पसरत बोलत होती, वर बघत नव्हती. "बोलायला जाते तर बोलता येत नाय."

"मग सरांना वेगळं पाठवायचं. त्यांच्या नंबरावर."

"सरांना नाय सांगायचं मला. ओंकारला सांगायचंय."

मी नियम सांगितला. आठ म्हणजे आठ, सभेत ठरलंय, एकासाठी घंटा हलवली तर उद्या सगळे येतील.

तेव्हा तिनं वर बघितलं. "मामा, सकाळची घंटा तुमी एसटी येईपरेन धरून ठेवता."

"ती गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

मी म्हटलं, एसटीत पोरं असतात. ती म्हणाली, फोनमधीपण पोरच हाय, मीच. आईनं तिला दटावलं, "मामांशी असं बोलतात काय गो!" मी म्हटलं, बोलू द्या. पाणी प्यायलो आणि उठलो. पोराला न घेता परत आलो, असं नोकरीत पहिल्यांदाच झालं.

खाली उतरताना रस्ताभर मी तिच्याशी भांडत होतो, मनात. वेगळी म्हणजे कशी वेगळी ते मला काही केल्या सापडेना. लोक विचारतात, मामा, मग तुम्ही चूक कबूल केली का? मी केली नाही. चूक कसली? आठची घंटा सभेनं ठरवली होती, मी ती बरोबर वाजवत होतो. पण घंटा माझी होती, आणि माझी घंटा कशी वाजते हे ती पोरगी मला सांगत होती. ते मला डाचलं.

सोमवारी सात वाजता मी भरल्याची घंटा टाकली. पाणी अजून संपलं नव्हतं, सरांनी तोच विषय ठेवला होता. ओंकार पाडा कुठल्या माळावर आणायचा ते सांगत होता. आठ वाजले. मी बटण दाबलं नाही. बोलून पाठवलं, "आज घंटा मागून हाय. ज्याला जेवायचं त्यानं जेवून या. वर्ग कुठं पळत नाय."

पोरं खूश. बाप नाहीत. शेठचा फोन आला.

"मामा, आठ वाजले."

"माझ्याकडंपण वाजले."

"मग बंद करा ना!"

"पाहुणे यायचेत शेठ."

"कसले पाहुणे? कोणाकडं?"

"वर्गात." आणि मी फोन ठेवला.

मग सरांचा फोन. "मामा, डोळा लागला की काय?" मी म्हटलं, "जागा हाय सर. तुमी शब्द दिलाय, बटणाला हात लावू नका." सर म्हणाले, "बरं. पण किती वेळ?" ते मलाही माहीत नव्हतं. एसटीचं तरी कुठं माहीत असायचं?

एकएक पोरगं जेवायला गेलं. ग्रुप शांत झाला. मी ओट्यावर मोबाईल मांडीवर ठेवून बसलो. बायको दारातून म्हणाली, "निवलं ताट." मी म्हटलं, झाकून ठेव. तिला या कामातलं सगळं कळतं, ती परत आत गेली.

आणि मग बापाच्या नंबरावरून आवाज आला. आधी बापाचा खोकला, मग भांड्यांचा आवाज, मग मनीषा, अगदी हळू.

"मामा, घंटा नाय झाली अजून?"

सगळं भांडण तिनं ऐकलं होतं आणि शेवटी सुटल्याची घंटा तिला मिळाली नव्हती. मी म्हटलं, "नाय झाली. बोल."

मग मोठा निरोप आला. शब्द न् शब्द मला पाठ नाही, पण असं होतं.

"मी मनीषा. ओंकार, तू बोल्लास आमचा पाडा खाली आणा. मग आमचं शेत, आमचा मोह, आमचा देव, तेपण खाली आणशील काय? आणि वरच्या झऱ्याचं पाणी मुरून तुमच्या विहिरीला येतं. तो झरा दरसाल शिमग्यानंतर आमी उपसतो, गाळ काढतो. आमी खाली आलो तर कोण काढील? पाणी वर चढवायचा खर्च तू बोल्लास. खाली आणायचा खर्च कोण बोलणार?" मागून आई काहीतरी म्हणाली. मनीषा तिला म्हणाली, "थांब गो, वर्ग चालू हाय."

जेवायला गेलेली पोरं ताटावरून उठून आली असणार, कारण एकदम टिणटिण सुरू झाली. ओंकारनं पाठवलं, "गाळ आमी येऊन काढू."

"तू? विहिरीत वाकून बघितलंस तरी चक्कर येते तुला!"

"ते सातवीत!"

"बरं, मग ये रविवारी. फावडं घेऊन ये, मोबाईल नको आणू."

दुसऱ्या कोणी विचारलं, झरा केवढा आहे, उन्हाळ्यात टिकतो का, टाकी वरच का बांधत नाहीत. मनीषानं सगळ्यांना उत्तरं दिली. काही पटली, काही नाही. ओंकार शेवटपर्यंत हरला नाही, तो काही हरणाऱ्यातला नव्हे. तीपण हरली नाही. मध्येच त्याच्या निरोपात मागून शेठचा आवाज आला, "पाण्याचं ती बरोबर बोलते रे." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाप वर्गात बसला होता, पण त्या दिवशी मी त्याला उठवलं नाही.

नऊ वाजत आले असतील. सरांनी ग्रुपवर लिहिलं, "मामा, आता घंटा?"

मी लिहीत बसलो नाही. बोलून पाठवलं, "सर, एसटी आत्ता आली."

त्या दिवसापासून मोबाईलमधल्या वर्गाची वेळ बदलली. भरल्याची घंटा आठला, बापमंडळी कामावरून आली की. शेठनी पुन्हा सभा बोलावतो म्हणून सांगितलं, बोलावली नाही. साखर मी परत त्यांच्याकडून आणायला लागलो.

मी निवृत्त झालो. जांभळीखालचा रूळ काढून शाळेनं विजेची घंटा बसवली. ती घड्याळाला जोडलेली आहे. आपोआप वाजते आणि कोणाची वाट बघत नाही. कधी त्या बाजूला गेलो तर मी ऐकतो आणि पुढे चालतो. तिला नावं ठेवून काय करायचं, तिला रस्ता दिसत नाही. मोबाईलची घंटा मात्र अजून माझ्याकडे आहे. पाटोळे सरांनी ती काढून घेतली नाही आणि मी दिलीही नसती.

पण तेव्हाचं सांगायचं राहिलं. त्या सोमवारनंतरच्या सकाळी एसटीला उशीर होता. बाकीची पोरं मैदानात उभी, मोठे सर ओट्यावर घड्याळ बघत. मी हातोडी घेऊन जांभळीखाली. वळणावर हॉर्न झाला. गाडी थांबली, पोरं उतरली, फाटकाकडे धावत सुटली. सगळ्यांत शेवटी मनीषा उतरली. तिनं ओढणी नीट केली, दप्तर खांद्यावर घेतलं आणि चालत आली.

ती धावली नाही. ती आत आल्यावर मी घंटा दिली.